मातेचा मावळलेला स्वर आणि तान्ह्या बालकाचा प्रतिसाद

घरात मूल जन्माला आले की पहिल्या चार दिवसांतील प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी, वजन किती, दूध आले का, नाळ पडली का. बाळंतिणीची विचारपूस झालीच तर ती ताप, टाके आणि कंबरदुखी एवढ्यापुरती होते. तिचे मन कसे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. बाळंतपण आनंदाचेच असते, असे आपण गृहीत धरलेले असते. आणि जी आनंदी दिसत नाही तिच्याकडे मग संशयाने पाहिले जाते. ‘लेकराकडे पाहत नाही’, ‘बोलत नाही’, ‘आईपण कळत नाही’ असे शेरे मारले जातात. कोठे कोठे बाहेरची बाधा म्हणून गंडा-दोराही केला जातो.

प्रसूतीनंतर मातेला येणारे नैराश्य हा एक आजार आहे. तो बालकापर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो आणि ती वाट आपणास कशी अडविता येते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. मानोरा तालुका डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हा विषय मांडीत आहोत. या विषयावरील बरेचसे प्रयोग परदेशांतील प्रयोगशाळांत झालेले आहेत. परंतु त्यांतून निघणारा बोध मानोऱ्याच्या कोरडवाहू शिवारात, कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घरात उपयोगी पडत नसेल, तर तो आपल्या काय कामाचा?

बालक काय घेऊन जन्माला येते

नवजात बालकाला काही कळत नाही, ते केवळ मांसाचा गोळा असते, हा समज आता टिकणारा नाही. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बालकाला ऐकू येत असते, आणि सर्वांत जास्त ऐकू येतो तो मातेचा आवाज. अमेरिकेतील डी कॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जन्माला तीन दिवसही न झालेल्या बालकांच्या तोंडात एक चोखणी दिली होती. एका विशिष्ट लयीत चोखले की स्वतःच्या आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले की परक्या स्त्रीचा. बालकांनी आईचा आवाज ऐकू येईल अशा रीतीने चोखण्याची लय बदलली. पुढे १९९३ साली असेही दिसून आले की, दोन दिवसांची बालके परक्या भाषेपेक्षा मातेची भाषा अधिक आवडीने ऐकतात.

या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ आपल्याकडे नीट समजून घ्यावयास हवा. मानोरा तालुक्यात वऱ्हाडी बोलणारी घरे आहेत आणि तांड्यांवर गोरमाटी बोलणारी घरे आहेत. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान याच तालुक्यात आहे. या घरांतील बालकाला जन्मतःच ओळखीची असते ती आईच्या बोलीची लय, पुस्तकी मराठीची नव्हे. मुलाशी ‘शुद्ध’ बोलावे म्हणून स्वतःची बोली गिळून गप्प राहणारी माता बालकाच्या जवळचा सर्वांत मोठा ठेवा बंद करून ठेवते. जी बोली तिच्या ओठांवर सहज येते, तीच बालकासाठी उत्तम होय.

चेहऱ्याचेही तसेच आहे. १९७५ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात, जन्मून अवघी काही मिनिटे झालेली बालके चेहऱ्यासारख्या आकृतीकडे मान व डोळे वळवितात, विस्कटलेल्या आकृतीकडे तितकी वळवीत नाहीत, असे दिसून आले. नवजाताला लांबचे स्पष्ट दिसत नाही. त्याची दृष्टी ठरते ती साधारण एक ते दीड विताच्या अंतरावर. पदराखाली घेतलेल्या बालकापासून आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे दूध, आवाज आणि चेहरा या तीन गोष्टी त्याला एकाच जागी मिळतात. ही त्याची पहिली शाळा.

लाडाच्या बोलीचे काम

तान्ह्याशी बोलताना आपला आवाज आपोआप बदलतो. तो उंच होतो, वर-खाली हेलकावे घेतो, शब्द लांबतात, एकच शब्द तीन-तीनदा येतो आणि मध्ये थांबा घेतला जातो, जणू बालकाने उत्तर द्यावे. ‘काय गं माझी बाई, भूक लागली? भूक लागली गं?’ असे आपण वाणसामान देणाऱ्या दुकानदाराशी बोलत नाही. पुष्कळ शिकलेल्यांना ही बोली खुळचट वाटते. परंतु तिचे काम मोठे आहे.

अॅन फर्नाल्ड या संशोधिकेने १९८५ साली दाखवून दिले की, चार महिन्यांच्या बालकांना मोठ्यांच्या आपसांतील बोलण्यापेक्षा ही लाडाची बोली ऐकणे अधिक आवडते. स्वराचा हेलकावा बालकाचे लक्ष वेधतो. लक्ष वेधले की ते आवाजाच्या दिशेने पाहते. पाहिले की तेथे त्याला चेहरा दिसतो. आणि तो चेहरा हसतो. असा अनुभव दिवसातून शेकडो वेळा आला म्हणजे ‘हा आवाज आला की काहीतरी चांगले घडते’ हे बालक शिकते. पुढे बोट दाखवून ‘चिऊ’, ‘काऊ’, ‘मम्म’ म्हटले की ते का पाहते, शब्द आणि वस्तू यांची गाठ कशी घालते, याची मुळे येथे आहेत. स्वराने लक्ष जागे करावयाचे आणि चेहऱ्याने त्याचे फळ द्यावयाचे, अशी ही जोडी आहे.

यात आणखी एक अट आहे. चेहरा नुसता समोर असून भागत नाही. त्याने बालकाला वेळच्या वेळी उत्तर द्यावे लागते. अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. माता प्रथम बालकाशी नेहमीप्रमाणे खेळते. मग दोन-तीन मिनिटे ती त्याच्याकडे पाहत राहते, पण चेहरा निश्चल ठेवते. हसत नाही, बोलत नाही. बालक आधी हसून पाहते, हात हलविते, आवाज काढते. उत्तर येत नाही असे दिसताच ते गंभीर होते, मान फिरविते, पुन्हा एकदा प्रयत्न करते आणि शेवटी खांदे पाडून दुसरीकडे पाहू लागते. माता समोर असूनही ‘नाही’ हे त्याला कळते. काही महिन्यांचे बालकही संवादाचे एक टोक धरून बसलेले असते, हे यावरून सिद्ध होते.

नैराश्य म्हणजे नेमके काय

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अनेक मातांना उगीच रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. विश्रांती आणि धीर मिळाला की ही अवस्था साधारण दोन आठवड्यांच्या आत ओसरते. तिला आजार म्हणू नये.

नैराश्य याहून निराळे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, बालक झोपले असतानाही झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, सतत थकवा, ‘मी चांगली आई नाही’ ही टोचणी, बालकाविषयी काहीच न वाटणे किंवा त्याला काही होईल या भीतीने सैरभैर होणे, आणि कधी कधी जीव नकोसा होणे, ही त्याची लक्षणे होत. ते प्रसूतीनंतरच सुरू होते असेही नाही. अनेकदा ते गरोदरपणातच सुरू झालेले असते.

याहून तीव्र, पण विरळा असा तिसरा प्रकार आहे. हजार प्रसूतींत एक-दोन मातांना, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, भ्रम होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, वागणे एकाएकी पालटते. येथे एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. ‘अंगात आले’ म्हणून मांत्रिकाकडे घालविलेला वेळ माय-लेकरांच्या जिवावर बेतू शकतो.

नैराश्य किती मातांना होते? भारतातील ३८ अभ्यास आणि त्यांतील २०,०४३ माता यांचा एकत्रित विचार करणारा एक आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. म्हणजे ढोबळ मानाने दर पाच बाळंतिणींमागे एक. ज्या गावात वर्षाला पन्नास बाळंतपणे होतात, तेथे या हिशेबाने दहा-अकरा घरांत हा आजार येऊन जातो. त्याला नाव मिळत नाही, एवढेच.

स्वर मावळतो तेव्हा

नैराश्याने ग्रासलेली माता बालकाला दूध पाजते, अंघोळ घालते, दुपटे बदलते. बाहेरून पाहता काही कमी पडलेले दिसत नाही. कमी पडतो तो स्वराचा हेलकावा. आवाज सपाट होतो, शब्द थोडे होतात, बालकाने हुंकार दिला तर त्याला उत्तर मिळण्यास उशीर लागतो. चेहरा थकलेला, नजर दुसरीकडे. हे ती मुद्दाम करीत नाही. पाय मोडलेल्या माणसाला धावता येत नाही, तसे तिला त्या स्वरात बोलता येत नाही.

याचा बालकावर काय परिणाम होतो, याचा शोध अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील शाखेत पीटर कॅप्लन यांनी घेतला. बालकाला आधी लाडाच्या बोलीचा एक तुकडा ऐकवावयाचा आणि लगेच एका हसऱ्या चेहऱ्याचे चित्र दाखवावयाचे. असे काही वेळा केल्यावर, तो आवाज ऐकून बालक चेहऱ्याची अपेक्षा करू लागते की नाही, हे पाहावयाचे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार महिन्यांची बालके होती. नैराश्य नसलेल्या मातांच्या आवाजाने ती ही जोडी शिकली. नैराश्याची लक्षणे असलेल्या मातांच्या आवाजाने शिकली नाहीत. चेहरा तोच होता. फरक होता तो आवाजात. आवाजाने लक्षच जागे केले नाही, तर चेहरा समोर येऊनही त्याचा उपयोग होत नाही.

येथपर्यंत वाचून एखादी माता हताश होईल, किंवा एखादी सासू ‘पाहा, हिच्यामुळेच’ असे म्हणेल. म्हणून याच प्रयोगांचा पुढचा भाग अधिक काळजीपूर्वक वाचावा, अशी आमची विनंती आहे.

२००२ साली कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यग्रस्त मातांच्या स्वतःच्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बालके स्वतःच्या आईच्या आवाजाने ती जोडी शिकली नाहीत. परंतु नैराश्य नसलेल्या एका अनोळखी मातेचा आवाज ऐकविताच तीच बालके शिकली. म्हणजे त्यांची शिकण्याची शक्ती शाबूत होती; तिला जागे करणारा स्वर तेवढा मिळत नव्हता. २००४ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या मातांचे नैराश्य दीर्घकाळ रेंगाळले होते, अशी बालके इतर स्त्रियांच्या आवाजालाही प्रतिसाद देईनाशी झाली होती. मात्र पुरुषाने लाडाच्या बोलीत बोललेले ऐकून ती शिकली.

हे निष्कर्ष सरासरीचे आहेत. प्रत्येक बालकाचे तसेच होईल असे नाही. पण त्यांतून तीन गोष्टी निश्चित समजतात. एक, बालकात दोष नाही. दोन, मातेचा अपराध नाही. तिला आजार आहे. तीन, वेळ महत्त्वाचा आहे. सुरुवातीला कोणाचाही प्रेमळ आवाज पुरतो. आजार लांबत गेला तर बालक एकेक आवाज सोडून देऊ लागते. म्हणून उपायही दुहेरी हवा: मातेचा आजार लवकर बरा करावयाचा, आणि ती बरी होईपर्यंत बालकाला घरातील इतर आवाज व चेहरे उसने द्यावयाचे.

आजाराची कारणे कोठे आहेत

कोणत्याही दुःखाला कारण असते, आणि कारण कळल्याशिवाय निवारण होत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २७० स्त्रियांची गरोदरपणातच नोंद केली आणि प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची भेट घेतली. पहिल्या भेटीत २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांपैकी ७८ टक्के माता गरोदरपणीच मानसिक त्रासात होत्या. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

कारणे पाहिली तर त्यांत आकाशातून पडलेले एकही नाही. आर्थिक ओढग्रस्तता, पतीशी बिघडलेले संबंध आणि मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे. मुलगी जन्मली म्हणून कोणत्याही मातेच्या शरीरात नैराश्य निर्माण होत नाही. ते निर्माण होते घरातल्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यांमुळे. ‘दुसरीही पोरगीच’ या दोन शब्दांत आपण एका मातेचा स्वर हिरावून घेतो, आणि तिच्या कुशीतल्या मुलीचा पहिला शिक्षक मुका करून टाकतो.

याच गटाने २००३ साली १७१ बालकांविषयीचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या मातांची बालके सहा महिन्यांची झाली तेव्हा वजन, लांबी आणि मानसिक विकास या तिन्हींत मागे पडलेली आढळली. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर जे बालक कमी भरते, त्याच्या आईचे मन कसे आहे हेही विचारले पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. एरवी आपण बालकाचा खाऊ वाढवितो आणि त्याला तो भरविणाऱ्या हाताची विचारपूस विसरतो.

मानोऱ्याच्या घरात हे कसे घडते

ही कारणे मानोरा तालुक्याला परकी नाहीत. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश केला. आकांक्षित हा शब्द सुरेख असला तरी त्याचा अर्थ विकासात मागे राहिलेला असाच आहे. पश्चिम विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांचे दुःखही या जिल्ह्याने सोसले आहे. ज्या घरात कर्जाची चिंता आहे, त्या घरातील गरोदर स्त्री त्या चिंतेपासून अलिप्त राहू शकत नाही.

आपल्याकडील रिवाजाची एक बाजू फार हिताची आहे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते. सव्वा महिना तिला शेक, मालीश, डिंकाचे लाडू आणि आईचा हात मिळतो. बालकाभोवती आजी, मावशी, मामा यांचे आवाज असतात. नैराश्यापासून रक्षण करणारी ही जुनी व्यवस्था होय.

परंतु तिला दोन भोके आहेत. पहिले असे की, ती बहुधा पहिल्या बाळंतपणापुरतीच असते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस, विशेषतः बाळंतपण पेरणीच्या वा कापूस वेचणीच्या दिवसांत आले तर, स्त्री लवकरच निंदणाला वा वेचणीला उभी राहते; बालक धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत एकटे असते. तेथे ना स्वर असतो, ना चेहरा. दुसरे भोक असे की, सव्वा महिन्यानंतर ती सासरी परतते तो काळ, म्हणजे सहा-सात आठवडे, हा नेमका नैराश्य उघड होण्याचा काळ असतो. माहेरच्यांना वाटते आता सासरचे पाहतील. सासरच्यांना वाटते माहेरी लाडावली. दोन गावांच्या दोन आशा सेविकांमध्येही तिची नोंद निसटण्याचा संभव असतो.

मार्ग हाताशी आहे

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याच्या आधारे २०११ सालापासून देशभर आशा सेविका बाळंतिणीच्या घरी जातात. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही. २०१८ सालापासून त्यांत ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटींची भर पडली. ४२ व्या दिवसाची भेट ही मातेचे मन विचारण्याची सर्वांत योग्य वेळ होय. प्रश्न दोनच पुरेत: गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास राहिले का? कशातच रस वाटेनासा झाला का? यांतील एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तेथे रक्तक्षय व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांनीही अशीच मरगळ येते. आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही वैद्यकीय सल्ल्याने घेता येतील अशी औषधे आहेत. दूध तुटेल या भीतीने उपचार टाळू नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क आणि मराठीतून बोलता येते.

औषधापलीकडील उपचार साध्या शिक्षणाच्या स्त्रियाही देऊ शकतात, याचा पुरावा आहे. पाकिस्तानात रावळपिंडी भागातील खेड्यांत आतिफ रहमान यांनी गावच्या आरोग्य सेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून घरभेटी घडवून आणल्या. मनात येणारे निराशेचे विचार कसे ओळखावे, बालकाशी कसे खेळावे, घरच्यांची मदत कशी घ्यावी, हे त्या समजावून देत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सहा महिन्यांनंतर या उपचारातील मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. नुसत्याच नेहमीच्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. पुढे हाच उपचार गोव्यात गावातल्याच सामान्य स्त्रियांनी ‘सखी’ म्हणून दिला, आणि तेथेही बऱ्या होणाऱ्या मातांचे प्रमाण वाढले. आपल्या लगतच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने असे दाखवून दिले की, गावपातळीवर कार्यकर्ते असले तर नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर जाते. विदर्भातील माणूस मनाच्या आजारासाठी उपचार घेत नाही, ही सबब यापुढे चालणार नाही.

घरात काय करावे? मातेला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था करावी. रात्री बालकाला उचलून तिच्या कुशीत देणे आणि पाजून झाल्यावर पुन्हा घेणे हे काम पतीने करावे. तिला ‘हसत जा’, ‘बोलत जा’ असे उपदेश करू नयेत. तिचे ऐकून घ्यावे. दरम्यान आजीने, आजोबांनी, मोठ्या भावंडांनी दिवसातून अनेकदा बालकाला दीड वितावर धरून लाडाने बोलावे. ते हुंकारले की थांबावे आणि उत्तर द्यावे. पित्याने तर अवश्य बोलावे. आपल्याकडे बाप तान्ह्याशी बोलताना लाजतो; ते बायकांचे काम समजतो. वर सांगितलेला २००४ चा प्रयोग त्याने लक्षात ठेवावा. घरात ज्या वेळी बाईचा आवाज मावळतो, त्या वेळी पुरुषाचा आवाज बालकाला परत आणू शकतो. मोबाइल फोनवर लावून दिलेली गाणी मात्र या कामी येत नाहीत. ती बालकाच्या हुंकाराला उत्तर देत नाहीत.

जन्मानंतर सातव्या दिवशी सिद्धार्थाची माता महामाया निवर्तली आणि महाप्रजापती गौतमीने त्याचा सांभाळ केला, हे आपण सर्व जाणतो. एका मातेचा आवाज थांबला तर दुसरा आवाज पुढे आला पाहिजे, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही.

हा केवळ घरगुती प्रश्न नव्हे

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली आणि त्याचा भार शासनानेही उचलावा असे प्रतिपादन केले. १९२९ साली तो कायदा झाला. तो होता कारखान्यातील कामगार स्त्रियांसाठी. शेतात रोजाने राबणाऱ्या स्त्रीला पगारी रजा देणारा मालक आजही नाही. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. ही रक्कम अल्प आहे. तरी ती त्या मातेच्याच खात्यात जमा झाली आणि तिच्याच विश्रांतीसाठी खर्च झाली, तर निंदणाला जाण्याचे काही आठवडे तरी पुढे ढकलता येतील. अर्ज भरून देण्याचे काम गावातील शिकलेल्या मुला-मुलींनी करावे.

गावोगावच्या महिला मंडळांपुढे आम्ही एक लहानसे काम ठेवू इच्छितो. गावात जेवढी बाळंतपणे होतील, तेवढ्या घरी मंडळाच्या दोघी जणींनी सव्वा महिन्याच्या सुमारास जावे. सून माहेरी असेल तर त्या गावच्या भगिनींना निरोप द्यावा, आणि ती सासरी परतल्यावर आठवडाभरात पुन्हा भेटावे. जाताना बालकासाठी झबले न्यावे की नाही, हे ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर. पण घरात शिरल्यावर पाळण्याकडे जाण्याआधी बाळंतिणीजवळ बसावे आणि पहिला प्रश्न तिला विचारावा: ‘बाई, तुला कसे वाटते?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. तिच्या उत्तराला उशीर लागला, आवाज सपाट वाटला, डोळे भरून आले, तर त्याच आठवड्यात तिच्यासोबत दवाखान्यात जाणारी एक सोबतीण ठरवूनच त्या घरातून उठावे.